एकेचाळिसावे लुगडे

दिवाळीला घरात नवे कापड येते तेव्हा दुकानात भावाची घासाघीस करताना मला दरवर्षी एक जुनी गोष्ट आठवते. दुष्काळात माणसाला धान्य सोडता येत नाही, पाणी सोडता येत नाही. तो सर्वांत आधी सोडतो ते नवे कापड. फाटक्या लुगड्याला दंड घालून बाईमाणूस वर्ष काढते. शेतकऱ्याच्या रानात पाऊस पडला नाही की विणकराची चूल विझते, ती अशी. शेतकरी निदान सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ शकतो. विणकराच्या हाताला खडीने घट्टे पडले, तर तलम सूत पुढे त्या बोटांना दाद देत नाही. चहूकडे दुष्काळाचा समुद्र आणि मध्ये विणकरांच्या आळ्या, एखाद्या बेटासारख्या!

१८९६-९७ च्या दुष्काळात सोलापूरच्या आणि आमच्या नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) विणकरांवर हाच प्रसंग आला. पुण्यात स्वस्त धान्याची दुकाने काढणाऱ्या लोकमान्यांनी स्थानिक पुढाऱ्यांना बरोबर घेऊन एक योजना आखली. स्थानिक समित्या आणि सरकार यांनी मिळून या वर्गाला त्याच्याजोगे साहाय्य द्यावे, अशी ती होती. वायव्य प्रांतात तसे घडलेही होते. मुंबई सरकारला ती रुचली नाही, योजना बारगळली.

माझा प्रश्न येथून पुढचा आहे. समजा, गादीवर बसलेला व्यापारी मीच आहे. विणकर लुगडे घेऊन दारात उभा आहे आणि बाजारात गिऱ्हाईक नाही. माल घेतला तर भांडवल वखारीत अडकते, व्याज चढते. न घेतला तर तो माग मोडून गाव सोडतो आणि पुढल्या साली माझ्याच दुकानात माल येत नाही. तेव्हा घेण्यात धर्म आहे तसा धंदाही आहे. घोडे अडते ते भावापाशी. अर्ध्या किमतीला मागितले तरी तो देईल, कारण नाही म्हणण्याचे बळ त्याच्या पोटात उरलेले नाही. अशा होकाराला सौदा म्हणावे काय?

वर्गात हे विचारले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, त्याला धान्य फुकट द्यावे." मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग तो दिवसभर करील काय?" मला तिचेच पटले.

माझ्या मते नेहमीचा भाव द्यावा. पुढे पाऊस होऊन भाव चढला, तर व्याज आणि वखारीचे भाडे वळते करून उरलेल्या नफ्यात विणकराचा वाटा धरावा. हे एका कापडवाल्या स्नेह्याला ऐकविले. तो हसून म्हणाला, "मास्तर, आणि भाव उतरला तर तोट्यात वाटा द्यायला तो येईल का?" कोठून येणार बिचारा! म्हणून तर समिती हवी होती, सरकार हवे होते. तोटा पुष्कळांच्या खांद्यांवर पडला असता.

"एकट्याने किती लुगडी घ्याल?" मी विचारले.

त्याने मनाशी हिशेब केला. "चाळीस."

"आणि एकेचाळिसावा आला तर?"

त्याने गज उचलला आणि समोरच्या गिऱ्हाइकाचे कापड मोजू लागला.