लांकडी माशाचा रंग

झिजणें हा शब्द आपल्या भाषेंत मोठा भाग्यवान आहे. चंदन झिजतें म्हणून त्याचा गौरव होतो, आणि दुसऱ्यासाठीं देह झिजविला असें कोणाविषयीं म्हटलें कीं त्याहून मोठी स्तुति उरत नाहीं. मनुष्याच्या बाबतींत इतके उदार असणारे आपण वस्तूच्या बाबतींत मात्र अगदीं कृपण होतों. विकत घेतलेल्या वस्तूचा रंग उडाला कीं आपल्याला फसल्यासारखें वाटतें. ह्या विसंगतीचा विचार करण्यास आम्ही मुद्दामच एक क्षुद्र वस्तु घेतों. पाश्चात्य देशांत हौसेनें मासे धरणारे लोक दोरीला जो रंगविलेला लांकडी किंवा प्लॅस्टिकचा मासा आमिष म्हणून लावितात, ती ही वस्तु.

ह्या खोट्या माशाचा रंग टिकत नाहीं ही त्या लोकांची जुनी तक्रार आहे. तो दगडांवर आपटतो. पाइकसारख्या दांताळ माशाच्या जबड्यांत सांपडतो. उन्हानें त्याचें पारदर्शक रोगण पिवळें पडतें. मऊ प्लॅस्टिकच्या आमिषांशेजारीं एकाच पेटींत राहिला तर त्यांतील तेलकट द्रव्यानें रंग चिकट होऊन विरघळतो. पण सर्वांत नित्याची झीज वेगळीच आहे. त्याच्या पोटाखालीं टांगलेले तीन कांट्यांचे गळ हेलकावे खातांना त्याच्याच कुशीवर घासतात आणि तेथें कमानदार ओरखडे उमटवितात. दुसऱ्यासाठीं बाळगलेलें शस्त्र आधीं बाळगणाऱ्यालाच ओरबाडतें!

आतां, हा रंग असतो कोणासाठीं? मासा फसावा म्हणून, असें उत्तर येईल. तें अर्धेंच खरें आहे. पाण्यांत तांबडा प्रकाश सर्वांच्या आधीं शोषला जातो, आणि दुकानांत लालभडक दिसलेला रंग कांहीं वांव खोल गेला कीं काळपट भासतो. टवके उडालेल्या आमिषालाही मासे लागतात, हा तर त्या लोकांचा रोजचा अनुभव. तेव्हां खवले न् खवले, कल्ल्याची रेघ, डोळ्यांतील बाहुली हें सारें इतक्या बारकाईनें रेखाटलेलें असतें तें पुष्कळ अंशीं पैसे मोजणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं. गळाला प्रथम लागतो तो गिऱ्हाईक.

ह्याचें टोक पाहावयाचें तर संग्राहकांकडे पाहावें. अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील डोवाजॅक येथें जेम्स हेडन ह्यांच्या कारखान्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं लांकडी आमिषें विकावयास काढलीं. कांचेचे डोळे बसविलेले ते जुने नमुने आज हौसेनें जमविले जातात. आणि जें कधीं पाण्याला लागलें नाहीं, मूळच्या खोक्यांतच राहिलें, त्याला किंमत अधिक पडते. ज्यानें घरीं मासे आणिले तें हलकें, आणि ज्यानें कांहींच केलें नाहीं तें उत्तम! म्यानाबाहेर न आलेल्या तलवारीला शूर म्हणावें, तसाच हा न्याय.

परंतु झिजलेलें तेवढें वंद्य, असेंही आम्हांस म्हणवत नाहीं. चंदन सुगंध देऊन झिजतें. हा मासा कपट करून झिजतो. तेव्हां तो कशापायीं झिजला, हें विचारावेंच लागेल. फिनलंडांतील लाउरी रापाला हे पोटासाठीं मासे धरणारे कोळी. १९३६ सालीं त्यांनीं चांभाराच्या सुरीनें बुचाचा एक मासा कोरला, चमक यावी म्हणून त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची कथिलाची वर्खी गुंडाळली, आणि रक्षणासाठीं छायाचित्रांच्या जुन्या काचपट्ट्या नव्हेत, तर सेल्युलॉइडच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचें रोगण दिलें. तेथें शोभेला जागाच नव्हती. पुढें ह्याच माशाचा मोठा व्यापार झाला आणि रंगांच्या शेंकडों तऱ्हा निघाल्या ही गोष्ट निराळी. घरच्या चुलीसाठीं पडलेला ओरखडा आणि निव्वळ करमणुकीसाठीं पडलेला ओरखडा दिसावयास सारखेच. आम्हांस ते सारखे वाटत नाहींत.

मग कारागिराकडे टिकाऊपणा मागूंच नये काय? मागावा, पण वरच्या रंगाचा नव्हे. लांकडाचा खरा राखणदार म्हणजे अस्तराचा हात. तो निष्काळजीपणानें दिला असला तर एखाद्या छिद्रांतून पाणी आंत शिरतें, लांकूड फुगतें, आणि वरचा रंग, कितीही सुंदर असो, पोपडे धरून गळतो. हा हात गिऱ्हाइकाला दिसत नाहीं. त्याबद्दल तो कारागिराची वाखाणणी करीत नाहीं. म्हणूनच तेथें कसूर करण्याचा मोह मोठा.

आणि रंग गेला असें आपण म्हणतों, तेव्हां तो कोठें गेला हेंही विचारावयास हवें. ते पोपडे तळ्यांत पडतात. जुन्या रंगांत शिसें असणें ही सामान्य गोष्ट होती. आजचीं एपॉक्सी व पॉलियुरेथेनचीं रोगणें म्हणजे प्लॅस्टिकच, आणि तें पाण्यांत कुजत नाहीं, बारीक होत जातें. ह्यासाठीं रोगण पक्कें असावें असें कोणी म्हणेल तर ती मागणी आम्हांस रास्त वाटेल. पेटींतला मासा सदा नवा दिसावा म्हणून म्हणेल तर त्यानें तो पेटींतच ठेवावा.