सुईचा धनी

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्या काळीं डॉक्टर सुई उकळून पुन्हां वापरीत. तिला धनी असे. आज ती एकदां टोंचून फेंकावयाची. गर्दुल्ल्यानें मैदानांत टाकलेल्या सुईबद्दल आपण संतापतों, तें योग्यच. पण मधुमेही गृहस्थ इन्शुलिनची सुई भाजीच्या देठांत टाकतो, ती कचरा निवडणाऱ्या बाईच्या बोटांत शिरतेच ना? रक्तावाटे पसरणारी कावीळ टाकणाऱ्याचें कुलशील विचारीत नाहीं. व्यसनी निदान बेभान असतो. शुद्धीवरच्याला ती सबबही नाहीं. २०१६ च्या नियमांनीं अशा सुया घरगुती घातक कचऱ्यांत घालून त्या वेगळ्या ठेवण्याचें काम गृहस्थाकडेच दिलें. त्यास झांकणाची एक जाड बरणी पुरते.