दिवाळीचे नाणे

दिवाळीच्या आधी ऑफिसात मिठाईच्या खोक्यांबरोबर चांदीची नाणीही दिली जातात. शेजारच्या टेबलावरचा सहकारी लाल डबी हातात ठेवतो आणि म्हणतो, "घरी न्या, वहिनींना द्या." आत दहा ग्रॅमचे नाणे. एका बाजूला लक्ष्मी आणि गणपती, दुसऱ्या बाजूला 999 हा आकडा. मिठाई दोन दिवसांत संपते. नाणे संपत नाही. ते कपाटात राहते आणि त्याच्याबरोबर प्रश्नही राहतो : आपल्या ख्रिस्ती घरात ते ठेवावे का?

आपल्यात कोणी ते नम्रपणे परत करतो, कोणी खणात टाकून विसरतो, तर कोणी सोनाराकडे नेऊन आटवतो.

प्रभू येशूच्या काळी यरुशलेमच्या मंदिराचा कर सोर शहराच्या चांदीच्या शेकेलमध्ये भरावा लागे. त्या नाण्यावर मेल्कार्थ या सोरच्या दैवताचे मुख कोरलेले होते. मूर्तीचा एवढा तिटकारा असलेल्या मंदिराने हेच नाणे मान्य केले, कारण त्यातली चांदी शुद्ध होती. अर्थात कर वेगळा आणि भेट वेगळी, त्यामुळे आपला प्रश्न एवढ्याने सुटत नाही. पण नाण्यावर काय कोरले आहे एवढ्यावरूनच निकाल द्यायचा नसतो, हे मात्र दिसते.

संत पौलापुढे करिंथमध्ये जवळजवळ हाच पेच होता. देवळात वाहिलेल्या पशूंचे मांस बाजारात विकले जाई. पौल सांगतो, बाजारात मिळते ते चौकशी न करता खा. कोणी जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले खा. मात्र 'हे नैवेद्याचे आहे' असे कोणी मुद्दाम सांगितले तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीसाठी. पौलाची नजर ताटातल्या मांसापेक्षा ताटाभोवती बसलेल्या माणसांवर आहे. सोनाराच्या दुकानातून आणलेले नाणे ही बाजारातली वस्तू. तेच पूजेत ठेवून प्रसाद म्हणून दिले आणि तसे सांगितले, तर गोष्ट बदलते. तेव्हा आपली अडचण मोकळेपणाने बोलून दाखवावी. इतकी वर्षे एकत्र डबा खाल्लेला माणूस ती समजून घेतो. घरातल्या आजीच्या मनाला ते नाणे टोचत असेल, तर तिच्याशी वाद घालू नये. दुर्बळ मनाच्या भावाबद्दल पौलाने लिहिले ते अशा वेळीच आठवायचे.

परत करणाऱ्याचा आम्ही मान राखतो. त्याने निदान समोरासमोर सांगितले. गुपचूप आटवून पैसे करणाऱ्याचे मात्र आम्हांला पटत नाही. त्याने चांदी घेतली आणि देणाऱ्याला वगळले. आपणही नाताळात येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र असलेले कॅलेंडर देतो. ते त्याच दिवशी रद्दीत गेले असे कळले तर आपल्याला काय वाटेल? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी इतर धर्मांविषयी आदराचा दस्तऐवज दिला. त्याची खरी परीक्षा परिसंवादापेक्षा अशा लाल डबीपाशी होते.

एक व्यवहाराची गोष्ट. 2003 च्या सुमारास चांदी किलोला आठ हजारांच्या आसपास होती. दहा ग्रॅमचे नाणे म्हणजे मिठाईच्या खोक्याएवढाच खर्च. 2025 च्या दिवाळीत भाव दीड लाखाच्या पुढे गेला. त्या भावाने तीच भेट दीड हजारांहून जास्त पडली. ज्याचे बिल आपल्या सहीने मंजूर होते त्याच्याकडून ती घेणे योग्य नाही. तिथे लक्ष्मीचा प्रश्नच येत नाही. बरोबरीच्या सहकाऱ्याला तेवढ्याच किमतीची परतफेड करायची धडपडही नको. त्याने हिशेब ठेवलेला नसतो.

नाताळला त्याच्या घरी केक नेताना अंड्याचा चालेल की बिनअंड्याचा, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.