खिळे काढू की राहू देऊ?

आमच्या माडीवर एक कानडी मास्तर ११ वर्षे बिऱ्हाड करून होते. त्यांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढले, खोल्या झाडून झाल्या, आणि किल्ली देण्यापूर्वी त्यांनी मला वर बोलावले. ‘‘मालक, हे खिळे मी मारलेले. काढू की राहू देऊ? ही फळी तुमची, ती जागेवर आहे. जिन्यातला दिवा आपण दोघांनी मिळून बसवला, तुम्हांलाही लागतो. त्याला हात लावला नाही.’’ तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नाही. वाटले ते पुढच्या महिन्यात, संगणकापुढे बसलो असताना.

वडिलांची पत्रे स्कॅन करून मी एका प्रोग्रॅममध्ये लावून ठेवली होती. मूळ कागद ओल लागून केव्हाच गेले होते. तो प्रोग्रॅम नकोसा झाला म्हणून काढून टाकला. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला, तो त्याचीच जाहिरात समोर हजर. पत्रे मात्र नाहीत! त्याने ती आपल्या फोल्डरात ठेवली होती आणि जाताना सगळा फोल्डर पुसला होता. काही पत्रे मुलीच्या संगणकावर सापडली. बाकीची गेली ती गेलीच. स्वतःचे खिळे ठेवून पाहुणा माझी फळी घेऊन गेला होता.

माझे काय, तुझे काय आणि दोघांचे काय, हा विवेक जुनाच आहे. संगणकातही त्याची जाण आहे. १९९५ साली आलेल्या ‘विंडोज ९५’मध्ये प्रोग्रॅम काढून टाकण्याची एक ठराविक जागा झाली. अनेक प्रोग्रॅमना मिळून लागणाऱ्या फाइली किती जण वापरतात, याची मोजणी ठेवण्याची सोयही तीत होती. जिन्यातला दिवा तो हाच! ‘विंडोज ९५’चे बोधचिन्ह खोक्यावर हवे असेल, तर प्रोग्रॅमला नीट निघून जाता आले पाहिजे, अशी अटही मायक्रोसॉफ्टने घातली होती.

दुसऱ्यांना अशी अट घालणाऱ्या याच कंपनीने ‘विंडोज ९८’मध्ये आपला ब्राउझर त्या यादीतून वगळला. जून २००१ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने हे वगळणे मक्तेदारी टिकवण्यासाठी केलेले बेकायदा कृत्य ठरवले. युरोपने तर २०२२ च्या कायद्याने बड्या कंपन्यांवर, त्यांच्या प्रणालीतील प्रोग्रॅम लोकांना सहज काढता यावेत, असे बंधनच घातले.

कोणी विचारील, गिऱ्हाइकाने बाहेर कसे पडावे याची काळजी दुकानदाराने का वाहावी? पण संगणक हे त्याचे दुकान नव्हे, ते आमचे घर आहे. प्रोग्रॅम तेथला बिऱ्हाडकरू. मग भाडे उलट आम्हीच का भरत असेना. ‘जा’ म्हणण्याची सोय नसेल, तर आमच्या ‘राहा’ म्हणण्याला संमती कसे म्हणावे? ती केवळ नाइलाजाची दुसरी बाजू ठरते.

अर्थात सगळेच पुसून जाणे म्हणजे सचोटी नव्हे. उद्या तोच प्रोग्रॅम परत आणावासा वाटला, तर जुनी मांडणी हवीशी वाटेल. म्हणून विचारावे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्यासाठी चार ओळी जास्त लिहाव्या लागतील, आणि त्याबद्दल त्याला शाबासकी कोणी देणार नाही. मास्तरांना तरी मी कुठे दिली होती?

त्यांचे खिळे मी राहू दिले. त्यांतल्या एकावर यंदाचे कॅलेंडर आहे. मास्तर दिवाळीला येतात, तेव्हा माडीची किल्ली मी न मागता त्यांच्या हाती देतो.