श्रद्धेच्या दप्तरातली उलटी साक्ष

धुळ्यात हस्तलिखितांच्या एका संग्रहाला मंदिर म्हणतात. श्री समर्थ वाग्देवता मंदिर हे त्याचे नाव. रामदासी मठांतून जमवलेली बाडे, पोथ्या आणि पत्रे इथे आहेत. खुद्द समर्थ रामदासांच्या हातची म्हणून जपलेली वाल्मीकी रामायणाची प्रतही आहे. अभ्यासकाच्या लेखी हे इतिहासाचे साधन, तर रामदासी माणसाच्या लेखी गुरूचा स्पर्श झालेली वस्तू. एकाच पोथीचे हे दोन धर्म एकत्र नांदतात का?

हा ठेवा मुख्यतः शंकर श्रीकृष्ण देव यांच्या चिकाटीने उभा राहिला. देव व्यवसायाने वकील आणि वृत्तीने पक्के रामदासी. 1893 मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा निघाली आणि तिच्या कामातून मठोमठीचे कागद उजेडात येऊ लागले. डोमगावच्या मठातली, समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत प्रमाण मानून देवांनी दासबोध छापला.

ही प्रत टिकली ती पूजेमुळे. ज्या घरांत जुने कागद रद्दीत गेले किंवा नदीत सोडले गेले, तिथे इतिहासाच्या हाती काही लागले नाही. पण पूजा पोथीला इजाही करते. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी विनवणी लिहीत, की हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून सांभाळा. तेल-पाणी तर देवघरात रोजचेच. म्हणजे पोथीला जपायचे तर तिला पूजेपासूनही थोडे दूर ठेवावे लागते, हे परंपरेलाच ठाऊक होते.

खरी कसोटी मात्र तेल-पाण्याची नव्हती.

शिवाजी महाराज आणि समर्थ यांची पहिली भेट केव्हा झाली, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठा वाद पेटला. देव आणि इतिहाससंशोधक राजवाडे शके 1571, म्हणजे इ. स. 1649, धरून होते. भाटे आणि चांदोरकर हे अभ्यासक शके 1594, म्हणजे 1672, मांडत होते. फरक 23 वर्षांचा, पण त्यावर बरेच काही अवलंबून होते. 1649 खरे मानले तर स्वराज्याच्या उभारणीत गुरूचा हात दाखवता येतो. 1672 खरे मानले तर ही भेट राज्याभिषेकाच्या जेमतेम दोन वर्षे आधीची ठरते.

उशिराच्या तारखेचा मुख्य आधार कुठला होता? केशव गोसावींनी दिवाकर गोसावींना शके 1594 मध्ये लिहिलेले पत्र. लिहिणारा शिष्य, वाचणाराही शिष्य. राजे येत आहेत, ही त्यांची पहिलीच भेट, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. दुसऱ्या पक्षाने त्याचा अर्थ वेगळा लावला, पण पत्र नाकारणे सोपे नव्हते. ते संप्रदायाच्या आपल्याच पत्रव्यवहारातले होते. देव वकील होते. कोर्टात दाखल झालेला कागद दोन्ही पक्षांचा होतो, हे त्यांना वेगळे सांगायला नको होते.

न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानते, पण तो आप्ताचा, म्हणजे विश्वासपात्र माणसाचा असावा लागतो. लवकरची तारीख सांगणारी हनुमंतस्वामींची बखर, म्हणजे समर्थांचे चरित्र, भाविकाला आप्तवाक्य वाटते. ती समर्थांनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. केशव गोसावी तर समर्थांच्या काळातलेच. तेव्हा हा झगडा श्रद्धा विरुद्ध अश्रद्धा असा नाहीच. एका भक्ताचा शब्द दुसऱ्या भक्ताच्या शब्दासमोर उभा आहे, आणि दोघांत जवळचा साक्षीदार कोण, एवढे पाहायचे आहे. असे पाहणे म्हणजे गुरुद्रोह, असे म्हणणाऱ्याला मग शिष्याचे पत्र खोटे ठरवावे लागते.

रामायणाच्या त्या प्रतीबाबतही साक्षीचा हा प्रश्न उद्या निघू शकतो. अक्षर समर्थांचेच का, हे तपासायला बसलेला माणूस तुलनेसाठी पुन्हा मठांच्या बाडांकडेच वळेल. निकाल परंपरेविरुद्ध गेला, तर नमस्कार थांबवायचा का? वाल्मीकींचा एकही श्लोक त्याने कमी होणार नाही. बदलेल ते फक्त लिहिणाऱ्याचे नाव. इतकी वर्षे नमस्कार ग्रंथाला होता की हस्ताक्षराला, हे त्या वेळी संप्रदायाला ठरवावे लागेल, आणि ते संशोधकाच्या अखत्यारीत येत नाही.