जात्यावरचा रसिकपणा

रोजच्या कष्टात रस शोधण्याची वृत्ती महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांनी जात्यावर जितक्या समर्थपणे जोपासली, तितकी ती अन्यत्र क्वचितच आढळते. एकावर एक बसवलेल्या दोन गोल दगडांचे हे जाते खुंटा धरून पहाटे तासन्‌तास ओढावे लागे. मात्र त्याच्या घरघरीच्या लयीत ओवी, म्हणजे कर्तीचे नाव मागे न ठेवणारे छोटे गेय पद्य, आकार घेई. तीत विठ्ठल येई, माहेर येई, भाऊराया येई आणि चारचौघांत ज्याचे नावही घेणे अनुचित मानले जाई, तो पतीसुद्धा लाडाकौतुकाने येई. सासुरवासाचे दुःखही या ओव्यांत स्पष्ट उमटले आहे, म्हणूनच त्यांतील आनंद अस्सल वाटतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, हे ऋण फार मोठे आहे. गिरण्या आल्या, दळणाचे कष्ट सरले, हे योग्यच झाले. तथापि ज्या घरांत ओव्या आठवणाऱ्या आजी आहेत, तेथील तरुणांनी त्या आजच ऐकून लिहून घ्याव्यात.