न धुतलेला रोल

मुमानीने कॅमेरा आमच्या हातात दिला तेव्हा त्याच्या माथ्यावरच्या छोट्या खिडकीत १९ चा आकडा होता. मामूंचा इंतकाल होऊन चार महिने झाले होते. कपाट आवरताना कातडी पिशवीत गुंडाळलेला तो सापडला. "तुला असल्या जुन्या वस्तूंचा नाद आहे, तूच ने," एवढेच ती म्हणाली. आकडा तिला दिसला नव्हता. आम्हालाही त्याचा अर्थ घरी आल्यावर लागला. या कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले की आकडा आपोआप मागे जातो. तो १९ वर थांबला आहे याचा अर्थ झाकण उघडलेलेच नाही. आम्ही रोल गुंडाळायची बारीक चावी बाणाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवून पाहिली. ती थोडी फिरून अडली. आत रोल होता.

मामू १९७६ साली कुवेतला गेले. त्या काळात कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात ज्या घरचा कुणी आखातात नाही असे घर शोधावे लागे. येताना प्रत्येक जण काहीतरी आणी. टेपरेकॉर्डर, ब्लँकेट, अत्तर. मामूंनी कॅमेरा आणला, पण तो घरी ठेवला नाही. दर रजेला तो त्यांच्यासोबत यायचा आणि त्यांच्यासोबतच परत जायचा. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले. त्यानंतर सुमारे १ लाख ७० हजार हिंदी माणसांना जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानांनी मुंबईला आणले गेले. मामू त्यांतलेच एक. चौदा वर्षांच्या कमाईतले त्यांच्या हाती उरले दोन शर्ट, कागदपत्रे आणि हा कॅमेरा. त्या दिवसांबद्दल त्यांनी घरात कधी तोंड उघडले नाही. कुणी विचारले तर "अल्लाने आणले, आलो" एवढेच म्हणत.

म्हणजे ती १९ चित्रे कुवेतची असणार. रोल तेव्हाच धुऊन का घेतला नाही?

या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरवला. पण आधी कॅमेऱ्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. हा कॅननचा 'कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री', १९७२ साली जपानमध्ये बाजारात आलेला. तळहातावर मावेल असा, पण चांगला जड. यातून पाहताना आपण भिंगातून पाहत नाही. भिंगाच्या वर, थोडी बाजूला एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून पाहतो. मधोमध एक पिवळसर ठिपका असतो आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो. एक आकृती एका खिडकीतून आलेली, दुसरी शेजारच्या छोट्या खिडकीतून आरशावरून वळून आलेली. भिंगाभोवतीचे कडे फिरवत जावे, दोन्ही आकृत्या एकमेकींवर चढतात. त्या एक झाल्या की अंतर बरोबर लागले. आपल्या दोन डोळ्यांचे कामही थोडेफार याच हिशेबाने चालते.

रोल आम्ही उघडला नाही. खालचे बटण दाबून तो पूर्ण मागे गुंडाळला, ताण सुटल्याचे हाताला कळले तेव्हा अंधाऱ्या खोलीत काढून काळ्या डबीत ठेवला. मग झाकण उघडून पाहतो तो कडेच्या खाचांतल्या काळ्या स्पंजचे डांबर झालेले. ते खरवडून तिथे काळी लोकर भरली. नाहीतर उजेड आत शिरतो. याला लागणारा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, पण सेलवाचूनही हा चालतो, फक्त उजेडाचा अंदाज आपला आपण करायचा. ४०० चा रोल असेल आणि ऊन लख्ख असेल तर वेग पाचशेचा आणि भिंगाचे तोंड सोळावर. आंब्याच्या सावलीत आलो तर चारपर्यंत उघडायचे. महिनाभरात आम्हाला न विचारता उजेड मोजायची सवय लागली. पहिल्या रोलचे सात फोटो मात्र भिंगावर झाकण ठेवूनच काढले. खिडकी वेगळी असल्यामुळे समोरचे सगळे स्वच्छ दिसत असते, आणि आत फक्त काळोख जातो. या जातीच्या कॅमेऱ्याने प्रत्येक नवशिक्याला ही शिक्षा दिलेली आहे.

(कॅमेरा हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला असे आपल्यातले पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात. ते खरे नाही, शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ खोली. अभिमान बाळगायचाच तर इब्न अल-हैसमचा बाळगावा. हजार वर्षांपूर्वी कैरोत बसून त्याने सांगितले की डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, उजेड वस्तूवरून डोळ्यात येतो. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून येणारा उजेड त्याने अभ्यासला होता. शब्द आपला नसेना का, त्यामागच्या विद्येत आपलाही वाटा आहे.)

या कॅमेऱ्याचा आवाज फार बारीक. आत उडणारा आरसा नाही, भिंगातल्या पात्या उघडतात आणि मिटतात, बस. पाच पावलांवरच्या माणसाला पत्ता लागत नाही. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचा चकाकणारा भाग काळ्या पट्टीने झाकून घेत असे, कुणाचे लक्ष जाऊ नये म्हणून. आम्हाला ही गोष्ट पूर्वी कौतुकाची वाटे.

मग एका दुपारी मुमानी जोहरची नमाज पढून मुसल्ल्यावरच बसली होती. खिडकीतून उजेड तिच्या हातांवर पडला होता, हातात तस्बीह. आम्ही उंबऱ्यात उभे होतो. कडे फिरवले, दोन मुमानी एक झाल्या, बटण दाबले. तिला कळले नाही. फोटो उत्तम आला. आजवर काढलेल्यांत तोच चांगला. तिला नेऊन दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि विचारले, "मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू सावध झाली असतीस. असा आला नसता."

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. ते तुला ठाऊक होतं. म्हणून विचारलं नाहीस."

आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

आमच्या लहानपणी घरात फोटो लावावा की नाही यावर वाद होत. ज्या भिंतीवर तस्वीर तिथे फरिश्ते येत नाहीत, असे नानी म्हणे. हजच्या पासपोर्टसाठी तिनेही फोटो काढलाच. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी म्हटले की फोटो काढणे म्हणजे निर्मिती नव्हे, पडलेली सावली धरून ठेवणे आहे, म्हणून त्याला मनाई नाही. दुसऱ्या उलेमांना ते पटले नाही. हा वाद चित्र आणि चितारणारा यांच्यापुरता राहिला. ज्याची सावली धरली त्या माणसाचे काय, हा प्रश्न त्यात फारसा आलाच नाही, असे आम्हाला वाटते. वास्तविक तो आपल्याला परका नसावा. दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय पाऊल टाकू नका हे सूरह नूरमध्ये आहे, आणि लोकांच्या गुप्त गोष्टी हुडकत फिरू नका हे सूरह हुजुरातमध्ये. आम्ही उंबऱ्यावर उभे होतो, पाऊल आत नव्हते. पण भिंग आत गेले होते.

इथूनच पुन्हा त्या १९ चित्रांकडे यावे लागले. मुमानीला निदान नंतर तरी विचारता आले. मामूंना कसे विचारणार? आणि त्या चित्रांत आणखी कोणी असेल, खोलीतला सोबती, दुकानाचा मालक, कुणी बाई, तर त्यांनी इजाजत दिली असेल ती मामूंना. ती आम्हाला वारशात मिळते का? कॅमेरा मिळतो हे खरे.

व्हिव्हियन मायरची गोष्ट अशा वेळी पुढे येते. शिकागोत मुले सांभाळणारी बाई, आयुष्यभर रस्त्यावरचे फोटो काढले, कुणाला फारसे दाखवले नाहीत. गोदामाचे भाडे थकले म्हणून २००७ साली तिच्या पेट्यांचा लिलाव झाला. २००९ साली ती गेली. तिने न धुतलेले शेकडो रोल परक्या माणसांनी धुतले, आणि जगाला एक मोठी छायाचित्रकार मिळाली. आम्हीही ते फोटो पाहिले, आवडीने पाहिले. तेव्हा तिच्या इजाजतीची आम्हाला आठवणही झाली नाही. तिथे जे गोड लागले ते मामूंच्या बाबतीत कडू का लागावे? ती परकी म्हणून? मग ती नियत आणखीच वाईट. काहीजण म्हणतील की तिच्याकडे पैसे नव्हते, धुवायचे राहून गेले असतील. असतील. मामूंकडे मात्र पैसे होते. बाजारपेठेत दोन स्टुडिओ होते, आणि वेळ होता २६ वर्षांचा.

हे सगळे आम्ही शेवटी मुमानीसमोर ठेवले. डबीही ठेवली. आमचा कल धुवावे असाच होता, ते लपवले नाही. कुवेतहून परतलेल्यांचे कुणी लिहून ठेवलेले नाही, फोटो तरी राहतील, असे आमचे म्हणणे. ती ऐकून म्हणाली, "विसरले असतील असं वाटतं तुला? दर ईदला हा कॅमेरा काढून पुसायचे. पुसून परत ठेवायचे."

हे आम्हाला माहीत नव्हते.

"मग काय करू? टाकून देऊ?"

"टाकायचं तर त्यांनीच टाकलं नसतं?"

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग तिने डबी घेतली आणि विचारले, अजून किती वर्षे टिकेल. आम्ही खरे ते सांगितले. आतली चित्रे दरवर्षी थोडी थोडी विरत जातात. कोकणच्या दमट हवेत जास्तच. थंड जागी ठेवली तर विरणे मंदावते, थांबत नाही. आताही धुतला तर कदाचित अर्धे दिसेल, कदाचित नुसते धुके. तिने मान हलवली. मुसल्ल्यावरचा तो फोटो मागून घेतला, त्याची निगेटिव्हही मागितली. आम्ही दिली.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पाणी घ्यायला फ्रीज उघडला. दारातल्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे, दुधाच्या पिशवीत घट्ट गुंडाळून रबर लावलेली ती डबी होती.